घाट उतरून आलेला कंपनीचा माणूस

लॅपटॉप घ्यायचा तर हलका घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. मी घरांचे नकाशे काढून देतो. आमच्याकडे घर बांधणाऱ्या माणसाचं कागदावर समाधान होत नाही. त्याला चौथऱ्यावर उभं राहून, ऊन डोक्यावर घेऊन, न्हाणीघर नेमकं कुठे येणार ते बघायचं असतं, आणि बघितलं की ते तिथून हलवायचं असतं. त्यामुळे माझं यंत्र स्कूटरवरून नांदगाव ते देवगड आणि मधल्या सगळ्या वाड्यांतून हिंडतं. आधीचा लॅपटॉप इतका जड होता की माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय असं शिंपी म्हणायचा. शेवटी त्यात मुंग्या झाल्या आणि तो गेला.

दोन लॅपटॉप मनात भरले होते. एक अगदी हलका, पोथीसारखा काखेत मारून न्यावा असा. पण तो बिघडला तर गिऱ्हाइकानेच कंपनीच्या केंद्रात न्यायचा, आणि जवळचं केंद्र कोल्हापूरला, म्हणजे फोंडाघाट चढून वर. दुसरा रंगाने पत्र्याच्या ट्रंकेसारखा आणि पहिल्यापेक्षा चांगलाच जड. पण त्याच्या माहितीत लिहिलं होतं की तक्रार करा, आमचा माणूस तुमच्या दारात येईल.

मी ते वाक्य बायकोला वाचून दाखवलं.

"दारात म्हणजे कोणाच्या दारात?" तिने विचारलं. "आपल्या दारात आजपर्यंत खंयची कंपनी इली? फ्रिजवालो नांदगावच्या तिठ्यार थांबान फोन करता, फ्रिज घेवन हय येवा म्हणान."

तिचं खरं होतं. मी कणकवलीच्या दुकानात पुन्हा पुन्हा गेलो. दुकानदार बिचारा दर वेळी दोन्ही खोकी उघडून दाखवायचा, आणि मला नुसतं परत फिरायची लाज वाटायची, म्हणून मी काहीतरी घेऊन यायचो. आमच्या घरात लॅपटॉपच्या दोन पिशव्या झाल्या, पडदा पुसायच्या औषधाची बाटली झाली, लॅपटॉप मात्र नव्हता. तो माणूस खरंच दारात येतो का, एवढंच मला कळायला हवं होतं. ते कळायला आधी लॅपटॉप घ्यावा लागणार आणि मग तो बिघडावा लागणार.

मग मला शेजारच्या काकी आठवल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या. आता एकट्या असतात. मुलगी कॅनडात. तिने मागच्या खेपेला त्यांना त्या जड लॅपटॉपच्या कंपनीचाच लॅपटॉप घेऊन दिला होता, आणि आई एकटी असते म्हणून घरी येणाऱ्या माणसाचे जादा पैसेही भरले होते. काकी तो एकाच कामाला वापरायच्या. दर रविवारी संध्याकाळी त्यावर नात दिसायची. मोबाइलवर बघून झालं होतं, पण काकींच्या डोळ्यांना मोतीबिंदू. "त्या काचेच्या तुकड्यात पोरीचा नाक दिसता नायतर कान," त्या म्हणायच्या, "सबंद पोर काय दिसणा नाय."

शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेलो. "काकी, लॅपटॉप जरा द्या. वजन बघूचा हा."

"वजन? हय उचल आनि बघ."

"घरी काट्यार बघतंय."

"काजूचे बियो आसत काय ते काट्यार घालूक?" असं म्हणत त्यांनी दिला. "आयतवारच्या आधी हाडून दी रे. नायतर तुका वर्गाभायर उभो करीन."

मी खरंच वजन केलं. निदान तेवढं तरी खोटं राहू नये म्हणून. मग मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि सांगितलं की लॅपटॉप चालू करायचं बटण कधी लागतं, कधी लागत नाही. ही तक्रार मी विचार करून निवडली होती. कधीतरीच होणाऱ्या दुखण्याला फोनवरून कोणी खोटं पाडू शकत नाही.

पलीकडे एक मुलगी होती, फार गोड बोलणारी. "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर." मला काहीच त्रास झालेला नव्हता. तिने बटण दाबून धरायला सांगितलं, मी धरलं. वायर काढायला सांगितली, काढली. पुन्हा लावायला सांगितली, लावली. निरोगी यंत्रावर मी ते सगळे उपचार अगदी मनापासून केले. "आता सुरू झाला का, सर?" झाला होता. "झाला," मी म्हणालो, "पण भरवसा नाही." तिने पुन्हा दिलगिरी व्यक्त केली. तिसऱ्या दिलगिरीला मी म्हणालो, "बाई, तुम्ही माफी मागू नका हो." त्यावर तिने त्याचीही माफी मागितली आणि सांगितलं की उद्या माणूस येईल.

मी लगेच पुन्हा फोन करून तक्रार मागे घ्यायला गेलो. या वेळी एक पुरुष होता. तो म्हणाला, नवीन भाग निघालाय, निघालेली तक्रार आता थांबत नाही.

शनिवारी सकाळी त्या माणसाचाच फोन आला. "सर, मी कोल्हापूरहून आलोय. दाजीपूरच्या पुढं हाय. थोडा उशीर होईल. रस्त्यात गवा उभा हाय."

"बाजूला होत नाही?"

"न्हाई. माझ्याकडंच बघतोय."

फोन बंद झाला. मी ओटीवर फेऱ्या घालायला लागलो. डोळ्यांसमोर जंगल, तो काळा प्रचंड गवा, आणि समोर मोटरसायकलवर एक बापडा माणूस, ज्याच्या पाठीवरच्या पिशवीत एका चांगल्या बटणासाठी दुसरं चांगलं बटण आहे. गव्याने त्याला शिंगावर घेतलं तर त्याच्या घरच्यांना मी काय सांगणार होतो? वजन बघत होतो म्हणून?

पुढे मी जे केलं ते त्या वेळी मला प्रामाणिकपणाचं वाटलं. तक्रार खोटी होती, ती खरी करायचं मी ठरवलं. माणूस एवढा जीव धोक्यात घालून येतोय तर त्याला निदान बिघाड तरी मिळायला हवा. मी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ते बटण एका कोपऱ्यातून जरासं उचललं. जरासं उचलायचं होतं. ते टक्कन वर आलं, त्याखालून मसुराएवढं काहीतरी उडालं आणि ओटीच्या कडेवरून खाली अंगणात गेलं. बायको आणि मी केरसुणी घेऊन अंगण झाडलं. मसुराएवढ्या पुष्कळ वस्तू मिळाल्या, पण ती मिळाली नाही. लॅपटॉप काही केल्या सुरू होईना.

"आता खरोखरच मोडलो," बायको म्हणाली. "समाधान झाला?"

दुपारी तो आला. हेल्मेट काढलं तेव्हा घामाने निथळत होता, पण धड होता. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. तो पिशवी उघडतो न उघडतो तोच ओटीच्या पायऱ्यांवर माणसं जमायला लागली. कंपनीचा माणूस घाट उतरून आपल्या पायाने वाडीत आलाय, ही बातमी बायकोने कोणाला सांगितली नव्हती आणि मीही नाही. पण कोणी मिक्सर घेऊन आलं, कोणी टीव्हीचा रिमोट. एकाने विहिरीवरचा पंप सायकलला बांधून आणला. एक म्हातारी कानातलं मशीन तळहातावर घेऊन उभी राहिली.

"मावशी, हे आमच्या कंपनीचं न्हाई," तो म्हणाला.

म्हातारीने मशीन काढलेलं असल्यामुळे तिला ते ऐकूच गेलं नाही.

"नसांदे तुमच्या कंपनीचा," पंपवाला म्हणाला. "बघूक काय जाता? देवाक काय आपण इचारतो, तू खंयच्या कंपनीचो?"

त्या माणसाने कपाळाला हात लावला आणि पंप बघितला. पंप बघितल्यावर मिक्सर बघावाच लागला. मग जेवण झालं. आमच्याकडे आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि बायकोने सौंदाळे मासे तळले होते. काकीही आल्या होत्या. आपला लॅपटॉप इथे उघडा का पडलाय, हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं. चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघत होत्या.

तो एकदाचा लॅपटॉपकडे वळला, तेव्हा वाडीतले जाणते आजोबा नारळ घेऊन पुढे झाले. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. बोअर मारायची असो, ट्रॅक्टर घ्यायचा असो, आजोबांनी देवाला हाक घातल्याशिवाय आमच्याकडे कशाला हात लावत नाहीत. त्यांनी लॅपटॉपसमोर नारळ धरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज ह्यो जो कंपनीचो माणूस घाट उतरान तुझ्या पायाकडे इलो आसा, तेच्या हाताक येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी तो माणूसही हात जोडून म्हणाला.

"ह्या वाडीत जी काय यंत्रां बंद पडली आसत, तेंका चालना दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात पंपवाल्याचा आवाज मोठा होता.

"आनि जर कोणाच्या हातसून, जाणतेपणी अजाणतेपणी काय वाकडा झाला आसात, तर तेका वाट दाखय रे म्हाराजा!"

हे प्रत्येक गाऱ्हाण्यात असतं. लहानपणापासून मी त्याला व्हय म्हाराजा म्हणत आलोय. त्या दिवशी मी नुसतेच ओठ हलवले. माझ्या शेजारच्यांना ते कळलं. आजोबांनी नारळ फोडला. तो नासका निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. तो पांढराशुभ्र निघाला.

कंपनीच्या माणसाला लॅपटॉप उघडायला आपल्या वरिष्ठांची परवानगी घ्यायची होती. त्याने फोन लावला आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून आवाज मोठा करून पाटावर ठेवला. बटणाजवळचा ओरखडा त्याला दिसला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बोटाने तो झाकला. फार भला माणूस.

"कस्टमरने काही केलंय का?" फोनमधून आवाज आला.

"न्हाई सर. आपोआप गेलंय."

"मी स्क्रूड्रायव्हर घातला," मी म्हणालो. "आधी ते चांगलं होतं. मी खोटी तक्रार केली होती. तुमचा माणूस येतो का ते बघायला."

फोनमधला आवाज म्हणाला, ही मोडतोड गिऱ्हाइकाची आहे, भाग बसवू नका, परत आणा, आणि झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

कंपनीच्या माणसाने बटणासकट येणारा नवीन कीबोर्ड पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. "मग मी गव्यापुढं कशाला उभा ऱ्हायलो होतो, सर?" एवढंच त्याने विचारलं. रागावला असता तर सोपं गेलं असतं. पुढे त्याने हळू आवाजात सांगितलं की आता तो भाग विकत मागवावा लागेल, आणि यायला पुढचा आठवडा जाईल.

माझ्या छातीवरचा दगड मात्र उतरला होता. मला अगदी हलकं वाटत होतं. तेवढ्यात काकी उठून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"खरा बोलूक तुका आत्ताच सुचला?"

"काकी, रवाक नाय माका."

"तेना बटण बसवपर्यंत धा मिन्टा गप रवाक काय झाला होता? मगे बोलूचा होता. देवळात जावन बोलूचा होता. तुका बरा वाटला. फाल्या आयतवार, माझी पोर खंय दिसतली? तुझ्या तोंडार?"

आजोबांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात ठेवला. प्रसाद नाकारता येत नाही, म्हणून मी तो खाल्ला. कंपनीच्या माणसाला लोकांनी शहाळी, कोकमं आणि काजू बांधून दिले. एवढं ओझं मोटरसायकलला लटकवून तो घाटाकडे गेला. अंधार पडायच्या आत दाजीपूर ओलांडा, असं मी त्याला चार वेळा सांगितलं.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी कणकवलीत दाराशी उभा होतो. जो लॅपटॉप निवडायला मी कित्येक महिने घातले, तो चहा यायच्या आत घेतला. जड, पत्र्याच्या रंगाचा, त्याच कंपनीचा.

"जी कंपनी इली आनि दुरुस्त न करता गेली, तिचोच?" बायकोने विचारलं.

"इली तरी," मी म्हणालो. "गव्याक बघून माघारी फिरली नाय."

संध्याकाळी तो मी काकींच्या टेबलावर मांडला. बायकोने मोबाइलवरून इंटरनेट जोडून दिलं, आणि वेळेवर पडद्यावर नात आली. सबंद आली, नाक आणि कान दोन्ही. पुढचा एक दात पडला होता आणि ती जीभ त्या खिंडीतून बाहेर काढून दाखवत होती. काकी पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की तिकडे त्यांचं नुसतं कपाळ दिसत असणार.

"आई, ह्यो लॅपटॉप वेगळो दिसता," मागून मुलीचा आवाज आला. "आपलो खंय?"

मी खुर्चीवरून पुढे सरकलो. मुलीने एवढे पैसे भरून आईसाठी सोय केली होती, ती मी मोडली होती. तिला ते कळायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं.

काकींनी पडद्यावरची नजर न काढता ताटलीतला शेंगदाण्याचा लाडू उचलला आणि माझ्या उघड्या तोंडात घातला, सबंद.

"शेजारच्याचो नवीन आसा," त्या मुलीला म्हणाल्या. "म्हटला, आधी माका बघूक दी. हां गो बाय, दात खंय टाकलंस? माका दाखय परत."

लाडू चांगलाच मोठा होता. मी चावत राहिलो.