सिंधुबाईंचे गुडघे

द्वारका चौकाजवळच्या सोसायटीत राहणारे यशवंतराव आहिरे नोकरीतून निवृत्त झाले आणि लगेच अध्यात्माला लागले. आयुष्य म्हणजे आत्म्याचा प्रवास, असं ते रोज सकाळी खुर्चीत बसून बायकोला समजावत. सिंधुबाई तेव्हा खाली बसून फरशी पुसत असत. प्रवासातलं ओझं कोणी उचलायचं, हे बहुधा कर्मानेच ठरवून दिलं होतं.

सिंधुबाईंचे गुडघे आखडले, तेव्हा डॉक्टरकडे न्यायचं सोडून यशवंतराव म्हणाले, "मागच्या जन्मीचे भोग आहेत. भोगून संपव."

पुढच्याच आठवड्यात त्यांची स्वतःची दाढ ठणकली. तेव्हा मात्र मागचा जन्म त्यांना आठवला नाही. दहा मिनिटांत ते रिक्षात बसले होते.

दाढ काढून ते घरी आले, तर सिंधुबाई पिशवी भरून दारात उभ्या. "बहिणीकडे सटाण्याला चाललेय. तिथे डॉक्टर चांगला आहे."

"अगं, मला पेज कोण करून देईल?"

"तांदूळ डब्यात आहेत," म्हणून त्या हळूहळू जिना उतरल्या.

सिंधूला अचानक वैराग्य आलंय, असं यशवंतराव शेजाऱ्यांना सांगतात. सिंधुबाई सटाण्यात गुडघ्यांना शेक घेत बहिणीशी गप्पा मारतात आणि नवऱ्याचा फोन तेवढा उचलत नाहीत.