काकांचे ओठ
जुना कॉम्प्युटर तापला की धुळीचा जो उष्ण वास येतो, त्याने मला धुळ्याच्या मावशीची खोली आठवते. मावशीला ऐकू येत नसे, ती ओठ वाचायची. काका गेल्यावर तिने लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ लावायला सांगितला. पाठवणीच्या वेळी काका लेकीला काहीतरी म्हणाले होते. मावशी त्यांच्या पाठीमागे होती आणि बँडच्या गोंगाटात लेकीलाही ते कळलं नव्हतं. व्हिडिओत काकांचा चेहरा समोर दिसत होता, पण चित्र अडखळत होतं, ओठ मधूनच थिजत होते. "त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. माझीच तक्रार केली नसेल ना रे?" मावशीने विचारलं. मी प्लेअरच्या सेटिंग्ज चाळल्या, तर हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद. ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलेलं आणि सगळा भार प्रोसेसरवर. ते चालू केलं, प्लेअर पुन्हा उघडला आणि काका सलग बोलू लागले. मावशीने तीनदा पाहिलं, मग खुर्चीला पाठ टेकली. "म्हणताहेत, 'तुनी मायनी काळजी करू नको, मी शे ना.'" तुझ्या आईची काळजी करू नकोस, मी आहे ना, असं काका अहिराणीत म्हणाले होते. लगेच तिने मला लेकीला फोन लावायला सांगितलं. आता मावशीही नाही. पण ते वाक्य लेकीपर्यंत माझ्याच फोनवरून पोहोचलं, याचं मला अजून बरं वाटतं.