डेस्मंड टॉलीचं सुकाणू

डेस्मंड टॉलीला बोटीच्या मागच्या टोकावर सुकाणू धरून उभं असलेलं पाहिलं की परक्या माणसाला वाटे, याच्या सात पिढ्या कालव्यावरच गेल्या असणार. गळ्यात लाल रुमाल, अंगात काळी बंडी, कमरेला रुंद कातडी पट्टा, डोक्यावर चपटी टोपी. प्रत्यक्षात हा गृहस्थ इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत गालिचे विकायचा, आणि निवृत्त होईपर्यंत पाण्याशी त्याचा संबंध आला असेल तो आंघोळीपुरता. निवृत्त झाला आणि एके दिवशी बायकोला न विचारता त्यानं एक बोट ठरवून टाकली. साठ फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद. घर विकावं लागेल हे शाळेच्या खानावळीत राबून आलेल्या मेव्हिसला जेवताना कळलं. बोटीचं नाव त्यानं ठेवलं ‘महाराणी’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा तो प्रकार होता.

बोटीवरची कामं त्यानं पहिल्याच आठवड्यात वाटून टाकली. अवघड काम आपल्याकडे, किरकोळ कामं मेव्हिसकडे. अवघड काम म्हणजे सुकाणू धरणं. किरकोळ म्हणजे शेगडीतली राख काढणं, छतावरून कोळशाची पोती उतरवणं, पाण्याची टाकी भरणं, हिवाळ्यात सकाळी खिडक्यांवरून आणि गादीखालून ओघळणारं पाणी पुसणं, ओले कपडे इंजिनाजवळ वाळवणं आणि संडासची पेटी भरली की ती हातगाडीवर घालून पार पुलापलीकडे नेऊन रिकामी करणं. पेटीबद्दल बोलणं निघालं की डेस्मंडला हमखास पितळ पुसायची आठवण व्हायची. पितळ मात्र तो मनापासून पुसायचा. ‘महाराणी’च्या पितळेत तोंड बघून घ्यावं. तो बघायचाही.

आणि लॉक. कालवा टेकडी उतरतो तो लॉकच्या पायऱ्यांनी. बोट दगडी हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराच्या झडपा लोखंडी किल्लीनं फिरवून उघडायच्या, पाणी उतरेल तशी बोट खाली जाते, मग पुढचं दार ढकलून तिला बाहेर सोडायची आणि पुढच्या लॉकशी हेच सगळं पुन्हा. दाराचा लाकडी दांडा झाडाच्या ओंडक्याएवढा जाड. हे सगळं मेव्हिस करायची. डेस्मंड बोटीवर उभा राहून सूचना द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकाव्यात, तसा तो सुकाणूवरून बायको हाकायचा. एका जागी पंधरवड्याहून जास्त थांबायचं नाही असा इथला नियम, त्यामुळे या शेळीला चरायला म्हणून उसंत नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात मेव्हिसचा उजवा खांदा गेला. आधी पोत्यापुरता दुखायचा, मग किटली उचलतानाही दुखायला लागला. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला लावला, तो कानापर्यंतही जाईना. “आणखी एक हिवाळा ही दारं ढकललीत, मेव्हिसबाई, तर वेणीफणीलासुद्धा हा हात उरणार नाही,” असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

बोटीवर परतल्यावर मेव्हिसनं चहा केला आणि नवऱ्यासमोर बसली. “आपण अदलाबदल करू. दारं तू बघ, बोट मी आणते.”

डेस्मंडनं कप खाली ठेवला. “अगं, दाराला ताकद लागते. सुकाणूला डोकं लागतं.”

“मग ताकदीचं काम बाप्यानं करावं की.”

“तसं नसतं ते. पाणी वाचता यावं लागतं, मेव्हिस. ते रक्तात असतं.”

“तुझ्या रक्तात गालिचे आहेत.”

“तू खांदा लावतेस म्हणून दुखतो,” डेस्मंड न चिडता म्हणाला. “पाठ लावून ढकलायचं असतं. किती वेळा सांगू?”

तिनं पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. त्याच्या वाढदिवशी, तो खुशीत असताना, आणखी एकदा विचारलं. त्यानं समजुतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गुडघ्याला लावायचं मलम तिला खांद्यासाठी दिलं. नवऱ्याच्या टोपीपासून घोरण्यापर्यंत सगळ्याचा मेव्हिसला तिटकारा होता. पण सुकाणू त्याला येतं आणि आपल्याला येणार नाही, एवढं एक ती बोटीवरची बारा वर्षं धरून चालली होती. म्हणून तर ती विचारत होती.

कोळसा, डिझेल आणि गॅसच्या टाक्या विकत बोट घेऊन हिंडणाऱ्या ग्वेननं एकदा तिला म्हटलंही होतं, “त्याला काय विचारतेस गं? धर की ते सुकाणू. मी एकटी वीस टन कोळसा घेऊन फिरते, मला कुणी शिकवलं?”

“तुझं वेगळं, ग्वेन,” मेव्हिस म्हणाली होती.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी ‘महाराणी’ पेनफोर्डच्या लॉकपाशी आली. तिथं चार लॉक एकामागून एक उतरतात आणि पहिल्याच लॉकला लागून दारूचा गुत्ता आहे. ऊन पडलेलं, त्यामुळे काठावर ग्लास आणि आइस्क्रीम घेतलेल्या रिकामटेकड्यांची रांगच होती. बोट लॉकमध्ये जाताना बघायला काय मजा वाटते कोण जाणे, पण लोक तासन्‌तास बघतात. डेस्मंडला आणखी काय हवं होतं! त्यानं टोपी सारखी केली. मागे ग्वेनची कोळशाची बोट थांबली होती, तिच्यामागे आणखी दोन.

मेव्हिसनं मागचं दार लावलं, चालत पुढच्या दारापाशी गेली आणि डाव्या हातानं झडपा उघडल्या. पाणी उतरायला लागलं. बोटीचं नाक पुढच्या दारावर आपटू नये म्हणून डेस्मंडनं इंजिन जरासं मागच्या गिअरमध्ये टाकलं. इथवर ठीक होतं. मग काठावरच्या एका तरुण माणसानं विचारलं, “काका, भिंतीवर ही पांढरी रेघ कशासाठी हो?”

डेस्मंडनं गिअरवरचा हात काढला तो बोट दाखवायला. “चांगलं विचारलंत. वरच्या, म्हणजे या मागच्या दाराखाली, पाण्याच्या आत, दगडी उंबरठा असतो. आत्ता तो दिसत नाही. पाणी उतरत असताना बोटीचा मागचा भाग या रेघेच्या मागे गेला तर उंबरठ्यावर अडकतो. मागचं वर राहतं, पुढचं खाली जातं, आणि पाच मिनिटांत बोट तळाला. नवशिक्यांचं होतं असं. अहो, एकदा मी—”

हे सांगत असताना ‘महाराणी’ शांतपणे मागे सरकत रेघेच्या पलीकडे गेली होती आणि उंबरठ्यावर बसली होती.

मेव्हिसला आधी लोखंड खरडल्याचा आवाज आला. तिनं पाहिलं तर बोटीचं नाक तिच्या पायांखाली उतरत चाललं होतं आणि शेपूट जिथल्या तिथं. आत कपाटं उघडून कपबश्यांचा सडा पडला. नाकाकडच्या दारातून पाणी आत शिरायला लागलं. छतावरची फुलं रंगवलेली बादली घरंगळत पाण्यात गेली. डेस्मंड कठड्याला मिठी मारून ओरडत होता, “मेव्हिस! झडपा उघड! अजून उघड!”

“बंद कर गं! बंद!” मागून ग्वेन बोंबलली.

मेव्हिसनं दोघांचंही ऐकायची वाट पाहिली नव्हती. तिनं पुढच्या दाराच्या झडपा धाडकन पाडून बंद केल्या, किल्ली घेऊन वरच्या दाराकडे धावली आणि तिथली झडप थोडी थोडी उघडत लॉकमध्ये पाणी सोडलं. ते करताना उजवा हात वापरावा लागला, आणि खांद्यात अशी कळ गेली की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाणी चढलं. ‘महाराणी’ कण्हत उंबरठ्यावरून सुटली, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे डुलली आणि सरळ झाली.

लॉक पुन्हा भरल्यामुळे बोट काठाच्या पातळीला आली होती. डेस्मंड एका पावलात गवतावर उतरला. चेहरा पिठासारखा पांढरा. तरी त्याला श्रोते दिसले. “झडपा भसाभस उघडल्या की असं होतं,” तो म्हणाला. “बायकांना घाई फार.”

“गिअर बघ, डेस्मंड,” मेव्हिस म्हणाली.

सगळ्यांनी पाहिलं. गिअर मागेच होता, पंखा अजून पाणी घुसळत होता आणि ‘महाराणी’ वरच्या दाराला पाठ टेकून आणखी मागे जायचा हट्ट करत होती. आइस्क्रीमवाल्यांतलं कोणीतरी फिसकन हसलं. ग्वेन पुढे आली, तिनं वाकून गिअर काढला. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. पण आता खळखळाटही थांबला होता.

“माझ्यामागे दोन बोटी खोळंबल्यात,” ग्वेन म्हणाली. “ही कोण नेणार?”

“मी नेतो. पाच मिनिटं द्या.” डेस्मंडनं बोटीवर एक पाय ठेवला. त्यानं तो परत घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी बाकावर जाऊन बसला. कोणीतरी त्याच्या हातात ब्रँडी दिली.

“मग मेव्हिस नेईल.”

“तिला नाही येत!” डेस्मंड ओरडला. हे मात्र त्यानं नाटकीपणानं म्हटलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मेव्हिसनं किल्ली त्याच्या मांडीवर टाकली. “झडपा हळू उघड,” ती म्हणाली आणि सुकाणूपाशी जाऊन उभी राहिली.

“डावीकडे जायचं असलं की दांडा उजवीकडे,” ग्वेननं खालच्या आवाजात सांगितलं. “संपलं.”

पाणी उतरलं. डेस्मंडनं कुथत, दोनदा घसरत दार उघडलं, आणि ‘महाराणी’ बाहेर निघाली. मेव्हिसनं दांडा डाव्या हातात धरला होता, श्वास रोखून. तिनं दांडा थोडा लोटला, बोट थोडी वळली. सरळ केला, सरळ झाली. पुलाखाली वेग कमी केला, बोट मंदावली. ग्वेन चालत पुढे जाऊन दुसरं लॉक भरून, दार उघडून उभी होती. सात फुटांच्या बोटीला सात फूट काही इंचांचं तोंड. इथं येताना डेस्मंड नेहमी दात आवळून, सगळ्यांना गप्प बसायला सांगून बोट आणायचा. मेव्हिसनं नाक तोंडासमोर धरलं आणि हळू पुढे जाऊ दिलं. भिंतीला एकदा जराशी घासली, आणि बोट आत.

शाळेच्या खानावळीत तिनं उभ्या जन्मात जे काही केलं होतं, त्यातलं सगळ्यात सोपं कामही याहून अवघड होतं.

ग्वेननं वरचं दार लावलं. डेस्मंड मागून धापा टाकत आला, तडक खालच्या दारापाशी गेला आणि झडपा न उघडताच दांड्याला पाठ लावून ढकलायला लागला. आत पाणी काठोकाठ आणि पलीकडे खोल खड्डा. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय ते दार दहा बैलांनाही हलायचं नाही. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. टोपी पडली. “अडकलंय दार!” तो म्हणाला.

ग्वेन पोट धरून हसली. “बघ तरी त्याच्याकडे, मेव्हिस!”

मेव्हिस बघत नव्हती. सुकाणूवरचा स्वतःचा हात ती बघत होती, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

ग्वेनचं हसू थांबलं. “अगं, रडतेस काय? छान जमलं की तुला.”

“न जमण्यासारखं काय आहे यात?” मेव्हिस म्हणाली. “बारा वर्षं, ग्वेन. खांदा गेला माझा. आणि मी त्याला विचारत होते. परवानगी मागत होते मी त्याच्याकडे, याची!”