ज्योतीसाठी माघारी फिरलेली बाई

देवी आपली परीक्षा बघते आहे, असं मी त्या वर्षी स्वतःला सांगत होतो. खरं तर ती मला थांब म्हणत असावी. पण माझ्या कानात वारं शिरलं होतं. डाव्या नडगीवर, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी, पावसाळाभर दुखत होतं. आधी धावून आल्यावर दुखायचं, मग धावताना, आणि पितृपक्ष येईपर्यंत दुकानाची पायरी चढतानाही. तिसगावात माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. फवारणीच्या औषधांच्या वर माझी मॅरेथॉनची पदकं टांगलेली असतात आणि गिऱ्हाईक आधी त्यांचीच चौकशी करतं. असा माणूस पाय धरून बसलेला कुणाला आवडेल? मलाच आवडत नव्हता.

नगरच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. अति धावण्यानं हाडाला बारीक चीर पडली आहे, ती भरून यायला हाडाला उसंतच मिळालेली नाही, तेव्हा काही महिने धावणं बंद. मी मान डोलावली, घरी आलो, नडगीला हळद-तेल चोळलं आणि वर देवीचं कुंकू लावलं. घटस्थापना तोंडावर आली होती आणि आमच्या गावची ज्योत मीच आणायचो.

घटस्थापनेच्या पहाटे मोहट्याच्या देवीच्या गडावर मशाल पेटवायची आणि पळत गावात आणायची, अशी आमची रीत. तिच्यावरच गावच्या देवळातला नवरात्राचा दिवा लागतो. ज्योत नेणारा अनवाणी आणि उपाशी हवा. ती वाटेत जमिनीला टेकवायची नाही, विझू द्यायची नाही. पूर्वी मंडळातले सगळे ती आळीपाळीनं धरायचे. मी लांब पल्ल्याचं धावायला लागलो तेव्हापासून एकटाच आणू लागलो. गावाला त्याचं कौतुक वाटलं, मला त्याहून जास्त. हळूहळू बाकीचे नुसते टेम्पोत बसून गुलाल उधळायला येऊ लागले. ज्योत हातात घ्यायचीच नाही, तर त्यांनी उपास तरी कशाला धरावा?

त्या सकाळी पाथर्डीपर्यंतचं दुखणं मी देवीच्या जयघोषात बुडवलं. पाथर्डी मागे पडली, ऊन अंगावर आलं, आणि एका पावलाला नडगीत काडकन काहीतरी झालं. मी रस्त्याच्या कडेला बसलो तो उठलोच नाही. हात तेवढा वर ठेवला होता. माझा चुलतभाऊ बाळू टेम्पोतून उडी मारून धावत आला. "दादा, आण हिकडं," म्हणाला आणि पुढे केलेला हात त्यानं स्वतःच मागे घेतला. "आरं द्येवा, आमी तर समद्यांनी पाथर्डीत मिसळ हाणली!" पायात सगळ्यांच्या बूट. कुणी पुढे होईना आणि मी कुणाला दोष देऊ शकत नव्हतो. ज्योत कलायला लागली होती. मी मोठ्यानं "आई" म्हणून ओरडलो, ती हाक कळेची होती की भक्तीची, मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी मोहट्याकडे चालत निघालेल्या लोकांचा ओघ समोरून येत होता. त्यातून एक पन्नाशीची बाई बाजूला झाली. खांद्याला पिशवी, भेगाळलेली पावलं अनवाणी. "दादा, मी उपाशी हाय. पाय बी उघडंच हायेत. द्या." मी विचारलं, तुम्ही कुठून आलात? राहुरीहून दोन दिवस चालत आली होती. लेकीचे दिवस भरले होते, पहिल्या खेपेचं लेकरू गेलं होतं, म्हणून पहिल्या माळेला पायी येईन असं देवीला कबूल केलेलं. दर्शन करून संध्याकाळच्या एसटीनं तिला लेकीजवळ परतायचं होतं. म्हणजे ती इथून मागे फिरली, तर नवस राहिला. मी ज्योत सोडेना. तसं ती जरा रागावूनच म्हणाली, "आईच तर वाटंत अडाकलीय. ही इझली म्हंजी गडावर जाऊन कुणाचं दर्शन घिऊ?" आणि तिनं माझ्या मुठीखाली आपली मूठ धरली.

टेम्पोच्या केबिनमधून मी तिची पाठ बघत आलो. ती धावत नव्हती, झपाझप चालत होती. खरं सांगतो, आधी मला मत्सर वाटला. माझी ज्योत परक्या हातात चालली आहे, हेच मनात. मग कधीतरी लक्षात आलं की वाऱ्याच्या बाजूला पदर धरून ती जशी ज्योत सांभाळत होती, तशी मी एकदाही सांभाळली नव्हती. मला नेहमी पोचायची घाई. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. वेशीवर ताशा सुरू झाला आणि टेम्पो मला घेऊन तसाच नगरच्या दवाखान्यात गेला. तिच्या पाया पडायचं राहिलं. बाळूनं नंतर सांगितलं, ती देवळात दिवा लागेपर्यंत थांबली, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि राहुरीच्या गाडीत बसली. नाव कुणीच विचारलं नव्हतं.

पाय जुळला, पण लांबचं धावणं कायमचं गेलं. आता आमचं मंडळ सगळं उपाशी असतं आणि ज्योत हातोहात येते. दुखणं सोसत राहणं म्हणजे भक्ती, असं मी समजत होतो. सोडून देणं मला एका अनोळखी बाईनं शिकवलं, तेही स्वतःचं पदरचं सोडून. तिचे उपकार मी जन्मभर मानीन. पण त्या दिवशी हट्टानं धावलो नसतो तर तिचा नवस पुरा झाला असता, हे मनातून जात नाही.

दर नवरात्रात मी थांबत थांबत, बसत उठत मोहट्याला चालत जातो आणि हिरवा खण-नारळ ठेवतो. पुजारी विचारतात, कुणाच्या नावाची ओटी? राहुरीची एक लेक, एवढंच मी सांगतो. ती सुखरूप सुटली का, हे विचारायचं धाडस मला देवीपुढेही होत नाही.