संग्रहालयातला पाळणा

आमच्या गावच्या संग्रहालयात समया आहेत, पण त्यांत तेल नाही. तलवारी आहेत, त्या धरणारे हात नाहीत. वस्तूचं काम संपलं की मगच आपण तिला जपायला लागतो.

परवा शेवटच्या दालनात गेले. तिथे आमचा लाकडी पाळणा टांगलाय, रंगीत पोपटांचा. माळ्यावर धूळ खात पडला होता, म्हणून मीच तो देऊन टाकला. आत डोकावले तर कुंची घातलेलं काहीतरी निजलेलं दिसलं. हात लावला तर दगडी वरवंटा! बारशाला बाळाआधी पाळण्यात ठेवतात, तसा.

"मीच ठेवलाय, बाई," तिथे झाडलोट करणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या. "येणारा-जाणारा हलवतोच. रिकामा पाळणा हलवू नये. ज्यांचा असेल त्यांच्या घरात पोरंबाळं असतील, त्यांना बाधायचं उगाच."

मी वरवंट्यावरची कुंची सारखी केली. त्या घरात आता मी एकटीच राहते, हे त्यांना सांगवलं नाही. निघताना मात्र पाळण्याला हळूच एक झोका दिला.