परिषदेसाठी साठवलेलं पाणी

आमच्या गावात नगराध्यक्षांची परिषद भरणार असं ठरलं. परिषदेला चार दिवस उरले तेव्हा गावाचं पाणी बंद झालं.

या दोन गोष्टींचा संबंध बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. परिषदेचा मुख्य विषय पाणीटंचाई हाच होता. बुलढाणा जिल्ह्यातले आणि शेजारच्या जिल्ह्यांतले नगराध्यक्ष दोन दिवस एकत्र बसणार, आपापल्या गावच्या अडचणी मांडणार आणि त्या सरकारदरबारी कशा रेटायच्या ते ठरवणार होते. समारोपाला खुद्द उपमंत्री यायचे होते. राज्य नवीन होतं, मुंबई लांब होती आणि गावात उपमंत्री येण्याची ही पहिलीच वेळ. त्यात चैत्राचं ऊन. पाहुण्यांच्या आंघोळी, वाळ्याच्या पडद्यांवर मारायचं पाणी, रस्त्यांवर शिंपायचं पाणी आणि हायस्कूलच्या पटांगणात खास बांधलेलं कारंजं, हे सगळं भागवायचं तर टाकी काठोकाठ भरलेली हवी. म्हणून नळ बंद. "पाणीटंचाई परिषदेमुळे चार दिवस पाणी येणार नाही हो," अशी दवंडी फिरली. दवंडीवाला हसला नाही, ऐकणारेही हसले नाहीत. मी हसलो, कारण मी बावीस वर्षांचा होतो आणि यातली गंमत फक्त मलाच कळते अशी माझी समजूत होती.

ही समजूत पत्रकांनी करून दिलेली. वडिलांचं फुटाण्यांचं दुकान होतं आणि पुड्या बांधायला ते रद्दीत पत्रकं घेत. निवडणुका झाल्या, मोर्चे झाले, संप मिटले की उरलेले गठ्ठे आमच्या दुकानात येत. मी वाचायला शिकलो तो त्यांवरच. त्यामुळे लहानपणापासून माझ्या लेखी जगात दोनच जातींची माणसं होती, बंधू आणि शोषक. पुढे मी गावातल्या छापखान्यात प्रुफं तपासायला लागलो आणि दुसऱ्यांच्या पत्रकांत स्वतःची वाक्यं घुसडायला लागलो. छापखान्याच्या मालकाने दोनदा ताकीद दिली होती.

नगराध्यक्षांनी मला बोलावलं ते याच कीर्तीमुळे. ते धान्याचे अडते. धोतर, काळी टोपी, बोलणं मोठ्याने. अडतीत तुरीच्या पोत्यांवर चारपाच जण टेकले होते.

"पोट्ट्या, तुही मराठी जोरदार आहे म्हणतात," ते म्हणाले. "पाण्याचा ठराव लिहून दे. उपमंत्र्याले वाटलं पाह्यजे का गाव शिकेल आहे. अन् वाचजो बी तूच, तुहा आवाज चांगला आहे."

मागणी साधी होती. धरणावरून गावाला मोठी पाइपलाइन हवी होती, आणि सरकारच्या या वर्षीच्या यादीत गावाचं नाव लागायला हवं होतं. नाव लागलं नाही तर पुन्हा दोन-तीन वर्षं कोणी विचारणार नव्हतं.

मी म्हणालो, "काका, एक सांगा. चार दिवस पाणी साठवून पाहुण्याईले दाखवाचं, अन् मंग त्याईलेच पाणी मागाचं, हे कसं जमते?"

"काऊन नाही जमत? तुह्या घरी सोयरे आले तं त्याईले रिकामी घागर दाखवतं काय?"

"मदत कराले आले असन तं दाखवीन."

"मंग तुले कोणी पोरगी देत नाही," ते म्हणाले, आणि पोत्यांवरची मंडळी पोट धरून हसली.

मला तेव्हा ते शोषकच वाटले. आज न्यायाने सांगायचं तर त्या चार दिवसांत त्यांच्या स्वतःच्या घरचा नळही बंद होता. ते अर्ध्या बादलीत आंघोळ करत आणि ते सगळ्यांना सांगत. पाहुण्यांसमोर गावाची मान खाली जाऊ नये यासाठी हा माणूस गावाला तहानेनं मारायला तयार होता, आणि त्यात स्वतःला सूट देत नव्हता.

आमचं घर टेकाडावरच्या गल्लीत. खालच्या गल्ल्यांत चौथ्या दिवशी पाणी यायचं, आमच्या गल्लीपर्यंत उन्हाळ्यात ते चढतच नसे. होळीपासून सार्वजनिक नळाला थेंब नव्हता. बाया अर्ध्या कोसावरच्या मळ्यातून पाणी आणत. मळेवाला भला होता, पण त्याचीही विहीर तळाला गेली होती. आधी तासभर वांगी तोडून द्यायची, मग दोन हंडे भरून घ्यायचे, असा त्याचा कायदा. माझी वहिनी रोज पहाटे जायची. तिला सहावा महिना चालू होता. मळ्यातून वर येताना ती तीन ठिकाणी थांबायची. पहिल्यांदा कडुलिंबाखाली, दुसऱ्यांदा जकात नाक्याच्या ओट्याशी, तिसऱ्यांदा चढ सुरू होतो तिथे. आई म्हणायची, अजून महिन्याभरात हिला हंडा उचलणं जमायचं नाही, मग कसं करायचं. दादा नांदुऱ्याला जिनिंगमध्ये कामाला होता, पंधरा दिवसांनी यायचा. मी पाणी आणायला गेलो तर बाया हसत आणि मळेवाला मला वांगी तोडू देत नसे, म्हणे झाडं मोडशील. म्हणून मी ठराव लिहीत होतो.

तीन दिवस लिहिला. वहिनी भाकरी थापता थापता विचारायची.

"भाऊजी, काय लिहून राह्यले एवढं?"

"आपल्या नळाचं."

"लय लंबं दिसते."

"विषय मोठा आहे वहिनी."

"नळ तं एवढुसाक आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्यात एवढं लिहा का होळीपासून आपल्या नळाले पानी नाही. बस."

"ते आहेच त्यात," मी म्हणालो.

आणि ते होतं. तिसऱ्या पानावर, खालून दुसऱ्या परिच्छेदात. त्याआधी मानवी संस्कृती नद्यांच्या काठी कशी बहरली ते होतं. त्यानंतर साम्राज्यं, सरंजामशाही, मग गोरे साहेब, मग काळे साहेब. पाणी हा उपकार नसून अधिकार आहे, हे वाक्य मी चार वेळा घातलं होतं, कारण दर वेळी ते मला नव्याने आवडलं.

नगराध्यक्षांनी ते वाचलं आणि तांबडी पेन्सिल घेतली. साम्राज्यं गेली, त्याचं मला दुःख झालं. पण मग होळीही गेली.

"हे राहू द्या काका. हेच तं खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच काढलं. होळीपासून थेंब नाही म्हटलं का लोक म्हणन, अध्यक्ष काय झोपला होता काय? 'काही भागात पाणीपुरवठा अपुऱ्या प्रमाणात होतो' असं लिही. मागाचं, पण भिकाऱ्यावाणी नाही मागाचं."

तीन पानांच्या सहा ओळी झाल्या. मी त्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि माझी तीन पानं घडी करून खिशात ठेवली.

परिषद सुरू झाली. पाहुणे कोणी नांदुऱ्याला गाडीतून उतरून जीपने आले, कोणी चिखलीकडून एस.टी.ने. प्रत्येकाला आंघोळीला दोन बादल्या. एका पाहुण्याने दिवसातून तीनदा आंघोळ केली आणि वर म्हणाला, "पाणी लय गोड आहे बॉ तुमचं." आमचे नगराध्यक्ष कृतार्थ होऊन म्हणाले, "घ्या, घ्या. लाजू नोका."

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपापली अडचण मांडायची होती. पहिले गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी येतं. दुसरे म्हणाले, आमच्याकडे सहाव्या. तिसऱ्यांनी आठवा दिवस लावला. बाजार समितीत बोली चढावी तसा आकडा चढत गेला. तेवढ्यात चहा आला. चहानंतर कोणीतरी आपल्या गावच्या नव्या टाऊन हॉलचा विषय काढला, आणि वारं फिरलं. एकाने बगिचा सांगितला, दुसऱ्याने रस्त्यावरचे दिवे. जेवणाची वेळ होईपर्यंत सगळ्या गावांत सगळं होतं.

दुपारची बैठक, सरकारकडे गाऱ्हाणं कसं न्यावं यावर. एक म्हणाले, निवेदन द्यावं. दुसरे म्हणाले, निवेदन कोणी वाचत नाही, ओळख लागते. तिसऱ्यांनी कोणत्या खात्यात कोणाचा साडू आहे ते सांगितलं आणि लोकांनी वह्या काढून लिहून घेतलं. दोन दिवसांत एवढीच गोष्ट लिहून घेतलेली मी पाहिली. शेवटी शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. शिष्टमंडळात कोण असावं हे ठरवायला समिती नेमली आणि समितीत सगळेच आले.

समारोपाच्या दिवशी उपमंत्री आले. मोटारीतून उतरले, नळावर हात धुतले, तोंड धुतलं, तोंडावर पुन्हा एकदा पाणी मारलं. वाळ्याच्या पडद्यांतून गार हवा येत होती. कारंजं पुरुषभर उंच उडत होतं. त्यांच्या मागे पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर होते. किडकिडीत माणूस, खिशाला पेन्सिल, फारसं बोलत नव्हते.

ठराव वाचायला माझं नाव पुकारलं. मी सहा ओळींचा कागद टेबलावर ठेवला आणि खिशातली तीन पानं काढली. नगराध्यक्षांनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मी वाचलं, आणि बरं वाचलं असावं. नद्यांच्या काठच्या संस्कृतीला लोकांनी मान डोलावली, सरंजामशाहीला टाळ्या पडल्या. पाणी हा अधिकार आहे म्हटल्यावर उपमंत्र्यांनी स्वतः टाळी वाजवली. दुसरं पान संपता संपता सूत्रसंचालकाने घंटी वाजवली. मी वेग वाढवला. दुसरी घंटी वाजली. मी तिसऱ्या पानावर होतो, होळी आठ ओळींवर होती, आणि सूत्रसंचालक माझ्या हातातून कागद काढून घेत, "ओजस्वी विचारांबद्दल आभार" म्हणत होता.

उपमंत्री बोलायला उभे राहिले. तरुण मित्राची भाषा फार सुंदर आहे, म्हणाले. मग म्हणाले, "मी गावोगाव फिरतो. लोक पाणी नाही म्हणतात. पण या भर उन्हाळ्यात तुमच्या गावात जे पाणी मी पाहिलं ते कुठेच पाहिलं नाही. नियोजन असेल तर काय होऊ शकतं याचा हा आदर्श आहे. जिथे खरोखर टंचाई आहे त्या गावांना आधी संधी देण्याइतकं मोठं मन तुमच्याकडे आहे, याची मला खात्री आहे."

टाळ्या कडाडल्या. आमचे नगराध्यक्षही टाळ्या वाजवत होते. हात चालले होते, चेहरा मात्र हळूहळू उतरत होता. आपण काय केलं ते त्यांना आणि मला एकाच वेळी कळलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सहा ओळीच वाचल्या असत्या तर निदान पाइपलाइनची मागणी तरी कानावर गेली असती, हे ते मला सांगू शकले असते आणि ते खरं होतं.

सभा उठली. उपमंत्री फाटकाकडे निघाले आणि त्यांच्यासमोर बायांची रांग आली. नळाची चावी फिरवणारा आमच्याच गल्लीतला. पाहुणे गेले की कारंजं बंद होणार, हे त्याने घरी सांगितलं होतं आणि त्याच्या घरचं सगळ्या गल्लीला कळतं. बाया शाळेच्या मागच्या बाजूने आत शिरल्या, कारंज्याच्या हौदात हंडे बुडवले आणि डोक्यावर घेऊन समोरच्या फाटकातून निघाल्या. पुढे वहिनी होती.

क्षणभर नगराध्यक्ष गोरेमोरे झाले. मग त्यांच्यातला यजमान जागा झाला. "साहेब, भरली घागर सामोरी आली. आमच्याकडचा शुभशकुन. सुवासिनी आल्या तुमच्यासाठी."

आमच्याकडे अशा वेळी भरल्या घागरीत पैसा टाकतात. उपमंत्र्यांना ते माहीत होतं. ते हसतमुखाने पुढे झाले, खिशातून नाणं काढलं आणि हात वर केला.

वहिनी एक पाऊल मागे सरली. हंड्याच्या तोंडावर तळहात ठेवून म्हणाली, "पैसा नोका टाकू साहेब. प्याचं पानी आहे."

हात तसाच राहिला.

"होळीपासून आमच्या नळाले पानी नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. भाकरी थापताना बोलायची तसंच बोलली.

"गंमत करते साहेब," नगराध्यक्ष म्हणाले, पण त्यात त्यांचाच जीव नव्हता. उपमंत्र्यांनी नाणं खिशात टाकलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मोटारीत बसले. इंजिनिअर मात्र बसले नाहीत. मी मागच्या गाडीने येतो, म्हणाले, आणि वहिनीला विचारलं, "बाई, तो नळ कुठे आहे?"

"या मांगं," ती म्हणाली.

बाया पुढे, त्यांच्या मागे इंजिनिअर, मग मी, आणि सगळ्यात मागे धोतराचा सोगा धरून नगराध्यक्ष. चढाला वहिनी थांबली तेव्हा सगळेच थांबले. मी हंडा मागितला. एरवी देत नसे, या वेळी तिने दिला. गल्लीत पोचल्यावर इंजिनिअरांनी नळ सोडला. काही आलं नाही, हवासुद्धा नाही. त्यांनी वाकून नळाच्या तोंडात पाहिलं. आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. त्यांनी पेन्सिलीने ते उकरलं. वाळकी माती ओट्यावर पडली.

"हे एका आठवड्याचं नाही," ते म्हणाले.

"एकाचं काऊन," नगराध्यक्ष खाली बघत म्हणाले. "होळीचंच असन."

इंजिनिअरांनी त्याच पेन्सिलीने वहीत लिहिलं. मी वाकून पाहिलं. एकच ओळ होती, वहिनीची.

त्या वर्षीच्या यादीत गाव आलं नाही. यादी उपमंत्र्यांच्या भाषणाप्रमाणे निघाली. त्यापुढच्या वर्षी, इंजिनिअरांच्या वहीतल्या त्या ओळीवरून, आलं. पाइपलाइन टेकाडावर चढली तेव्हा माझी पुतणी ओट्याला धरून उभी राहायला शिकली होती. तोवरचं पाणी मी आणि आई आणत होतो, आणि बायांचं हसणं पहिल्या आठवड्यातच संपलं होतं. उद्घाटनाच्या फरशीवर नगराध्यक्षांचं नाव कोरलं. फरशी अजून आहे.

पण मला आठवतो तो परिषदेचा दिवस. इंजिनिअर गेले, नगराध्यक्ष गेले. वहिनी दारात बसून पाणी गाळत होती.

"भाऊजी, तुमच्या कागदात माशीचं होतं काय?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"मंग तीन पानं काय लिहिलं?" तिने विचारलं. चिडवत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.