झाकण कुठं ठेवायचं?

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रयोगशाळेत मेथी कशी उगवते, या प्रयोगाच्या सूचना लिहिणं हे माझं काम. अंतराळवीरानं डबी कशी उघडायची, पाणी किती द्यायचं, सगळं पायरीपायरीनं. नाशिकमध्ये बसून आधी मराठीत लिहायचं, मग इंग्रजी करायचं. नातेवाइकांना वाटतं मी रॉकेट उडवते. वाटू दे बापडं!

आमच्याकडे एक नियम आहे. सूचना पाठवण्याआधी त्या बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायच्या आणि आपण तोंड उघडायचं नाही. त्या माझ्या पहिल्याच सूचना होत्या, सकाळी पाठवायच्या होत्या. चुकल्या तर हा प्रयोग आखणाऱ्या मॅडमची चार वर्षांची मेहनत वर कुजणार. आणि मी शहाणी, डबी कुणापुढे ठेवली? जन्मभर मेथी लावून बाजारात नेणाऱ्या बाबांपुढे!

बाबांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मेथी लावायला तू मला शिकवती का?" म्हणत पाण्याची अख्खी सिरिंज डबीत रिकामी केली. बी पोहायला लागलं.

मी चिडून दुसरी डबी आईला दिली. मेथी तिलाही तेवढीच कळते, पण ती औषधाच्या बाटलीवरचा कागदही शेवटपर्यंत वाचते. एकेक ओळ वाचून तसंच करत गेली आणि चौथ्या पायरीला झाकण हातात धरून थांबली.

"'झाकण बाजूला ठेवा.' बाजूला कुठं गं? वर सगळं तरंगतं म्हणती ना तू?"

मी कपाळावर हात मारला. ऑफिसात तिघांनी तपासलं होतं, एकालाही सुचलं नव्हतं!

"मांडीवर चिकटपट्टी लावायला सांग त्याला," आई म्हणाली, "झाकण तिथं डकवायचं."

"हिचं काय ऐकती!" बाबा म्हणाले. मी ऐकलं. तसंच लिहून पाठवलं.

महिन्याभरानं वरचं चित्रण आलं, ते परवानगी काढून घरी मोबाइलवर दाखवलं. अंतराळवीरानं डबी उघडली, झाकण मांडीला डकवलं. पुढच्या तुकड्यात हिरवेगार कोंब होते. मी आनंदानं ओरडलेच. बाबा म्हणाले, "पाणी थोडं कमी पडलंय."

आईचं कोंबांकडे लक्षच नव्हतं. "मागं घे," म्हणाली. झाकणाचा तेवढाच तुकडा तिनं तीनदा पाहिला. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

"बघा," ती बाबांना म्हणाली, "एकदाच सांगितलं होतं त्याला."